फैजपूर, डिसेंबर १९३६: अधिवेशन गावात नेण्याचा हिशेब

आज कुठल्याही पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन ठरले की पहिला फोन मंडपवाल्याला जातो. जर्मन हँगर किती रुंदीचा लागेल, स्क्रीन किती, गाड्या कुठे लावायच्या, हेलिपॅडची परवानगी कोण काढणार. विमानतळ आणि मोठी हॉटेले जवळ हवीत, म्हणून शहरही आपोआप ठरून जाते. १९३६ साली आमच्या खानदेशात हा क्रम उलटा झाला. जागा आधी ठरली, आणि देशभरातून येणारे प्रतिनिधी उतरवायला तिथे पुरेशी इमारत नव्हती.

काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी पूर्व खानदेशातल्या, म्हणजे आताच्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव. त्याआधीची सगळी अधिवेशने मोठ्या शहरांत, फार तर जिल्ह्याच्या गावी झालेली. खेड्यात भरलेले हे पहिलेच. आमच्याकडे फैजपूरचे नाव निघाले की बोलणारा लगेच हळवा होतो आणि ऐकणारा माना डोलावतो. त्यात गैर काही नाही, पण त्या भरात एक गोष्ट हातातून निसटते. हे अधिवेशन भरवणाऱ्यांपुढे रोजचे, कंटाळवाणे, आकड्यांचे प्रश्न होते. ते त्यांनी कसे सोडवले आणि कुठे ते प्रश्न सुटण्यासारखे नव्हते, तेवढेच इथे पाहायचे आहे.

गाव, पण कोणते गाव?

गांधीजी १९३४ साली काँग्रेसच्या सभासदत्वातून बाहेर पडले होते. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ त्यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस काढला, आणि १९३६ च्या एप्रिलअखेरीस ते वर्ध्याजवळच्या शेगावात राहायलाच गेले. त्याच गावाला पुढे सेवाग्राम म्हणू लागले. खेड्याची सेवा करायची असेल तर खेड्यात जाऊन राहा, असे कार्यकर्त्यांना सांगणाऱ्या माणसाने पक्षाचे वार्षिक संमेलनही खेड्यात घ्या म्हणावे, हे ओघानेच आले. लखनौच्या अधिवेशनानंतर पाळी महाराष्ट्राची होती. काँग्रेसच्या प्रांतरचनेत मुंबई शहर वेगळे आणि महाराष्ट्र वेगळा होता. खानदेश महाराष्ट्र प्रांतात येत असे.

महाराष्ट्रातून मग फैजपूरच का? नकाशा उघडला की उत्तराचा निम्मा भाग तिथेच मिळतो. मुंबईहून येणारा मोठा लोहमार्ग भुसावळला दोन फाट्यांत फुटतो. एक खांडव्यावरून इटारसीकडे, म्हणजे उत्तर हिंदुस्थानाकडे जातो. दुसरा अकोल्यावरून नागपूरकडे आणि पुढे कलकत्त्याकडे. सुरतेहून तापीच्या बाजूने येणारा मार्ग जळगावला मिळतो. दक्षिणेकडच्यांना मनमाड गाठले की पुरे. लाहोरचा, पाटण्याचा, अहमदाबादचा प्रतिनिधी फार गाड्या न बदलता जिथे पोहोचेल अशी ठिकाणे देशात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, आणि भुसावळ त्यांतले एक. भुसावळ–खांडवा मार्गावर सावदा स्टेशन, आणि तिथून थोड्या अंतरावर फैजपूर.

फैजपूर काही रानातली चार घरांची वस्ती नव्हती. सातपुड्याच्या पायथ्याचे ते जुने बाजाराचे गाव. भोवती यावल–रावेरचा काळ्या जमिनीचा सुपीक पट्टा आणि घट्ट विणलेली गावे. तापीच्या गाळाच्या थरामुळे विहिरींना पाणी, आणि बागायतीमुळे गावोगावी बैलजोड्या. 'खेड्यात अधिवेशन' ही घोषणा झाली. प्रत्यक्ष निवड मात्र रेल्वे, पाणी, बैल आणि बांबू जवळ असलेल्या खेड्याची झाली. याला कुणी चलाखी म्हणेल. मला हाच या सगळ्या प्रकरणातला पक्का निर्णय वाटतो. तत्त्वासाठी कुठलेही खेडे चालले असते, पण माणसे आणायची, जेवू घालायची आणि परत पाठवायची तर असेच लागणार होते.

डिसेंबर का?

हा मुद्दा सहसा कुणी मांडत नाही, म्हणून थोडा सविस्तर लिहितो. काँग्रेसची अधिवेशने पूर्वी नाताळाच्या सुट्टीत होत, कारण तेव्हा वकिलांना कोर्टाची सुट्टी असे. १९२९ साली लाहोरच्या कडाक्याच्या थंडीत अंगावर धड पांघरूण नसलेल्या लोकांचे हाल झाले आणि अधिवेशन फेब्रुवारी–मार्चवर नेण्याचे ठरले. कराचीचे १९३१ मध्ये मार्चला झाले. लखनौचे तर १९३६ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे एकाच वर्षात दोन अधिवेशने झाली, आणि दुसरे पुन्हा डिसेंबरात. कारण उघड होते. १९३५ च्या भारत सरकार कायद्याखालच्या प्रांतिक निवडणुका १९३७ च्या सुरुवातीला यायच्या होत्या. त्याआधी पक्षाला एका आवाजात बोलणे भाग होते.

या तारखेचा खानदेशच्या नियोजनावर काय परिणाम झाला असेल, ते इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. लखनौ ते फैजपूर म्हणजे कागदावर आठ महिने. त्यांतला मे उन्हात जातो. जून ते सप्टेंबर काळ्या मातीत बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतते, तिथे ना जमीन सपाट करता येते ना सामान आणता येते. ऑक्टोबरात जमीन वापसा धरते, आणि मग ज्वारीची काढणी व कापसाची वेचणी एकमेकींवर येऊन पडतात. नेमके मनुष्यबळ आणि गाड्या शेतात अडकलेल्या असतात. बांधकामाला खरे हाती लागले ते जेमतेम दोन–अडीच महिने. नंदलाल बोस यांनाही गांधीजींनी बोलावले ते अधिवेशनाच्या दोनएक महिने आधीच.

उलट फायदेही होते. डिसेंबरात पाऊस नाही. काढणी झालेली शेते मोकळी, चारा ताजा, कडबा आणि पऱ्हाट्या मुबलक. सातपुड्याच्या पायथ्याला रात्री गारठा पडतो, पण लाहोरसारखा नाही. शेकोटी आणि घोंगडी यांवर भागते. पैसाही हाती थोडा खुळखुळत असतो, जरी १९२९ नंतरच्या मंदीत कापसाचे भाव असे पडले होते की तो खुळखुळाट फारसा ऐकू येत नसावा.

माणसे

स्वागत समितीच्या कामात तीन नावे पुन्हा पुन्हा येतात. शंकरराव देव हे प्रांताचे नेते. भुसावळकडचे अण्णासाहेब दास्ताने हे गांधीजींच्या रचनात्मक कामात मुरलेले. आणि रावेर तालुक्यातल्या खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी, जे पोलीस खात्यातली नोकरी सोडून १९३० च्या चळवळीत आले होते. आज फैजपूरचे महाविद्यालय त्यांच्या नावाने आहे.

या तिघांच्या कामाचे वाटप बारकाईने पाहण्यासारखे आहे. प्रांताचा नेता वर्ध्याशी आणि कार्यकारिणीशी बोलणार. रचनात्मक कार्यकर्ता खादी, ग्रामोद्योग, सफाई यांची शिस्त सांभाळणार. स्थानिक माणूस जमीन, गाड्या, विहिरी आणि गावोगावचे पाटील हाताशी ठेवणार. बाहेरचा कुणी येऊन 'तुमचे शेत महिनाभर द्या' म्हणाला असता तर लेवा पाटीदारांच्या त्या गावांत त्याला पाणी मिळाले असते, शेत नाही. खिरोद्याच्या नानांनी शब्द टाकला की गोष्ट वेगळी. १९३० ते ३२ च्या तुरुंगवाऱ्यांनी ही ओळख तयार झाली होती. अधिवेशनासाठी नवे जाळे विणावे लागले नाही, विणलेले होते ते वापरले गेले.

साने गुरुजींचे काम यात वेगळ्या जातीचे होते. अमळनेरच्या शाळेतली नोकरी त्यांनी १९३० मध्येच सोडली होती. फैजपूरसाठी ते गावोगाव हिंडले, बोलले, स्वयंसेवक आणि मदत गोळा केली. फैजपूरला सफाईच्या कामातही ते उतरले. ज्या काळात अधिवेशनाची बातमी खेड्यात वर्तमानपत्राने पोहोचत नव्हती, त्या काळात हाच प्रचार विभाग.

मुंबईत जिथे १८८५ साली काँग्रेसचे पहिले अधिवेशन झाले, तिथून ज्योत निघाली आणि धावपटूंनी ती हातोहात फैजपूरपर्यंत आणली. कार्यक्रमाच्या आखणीतली ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त लोकांपर्यंत पोहोचलेली बाब असावी. वाटेतल्या प्रत्येक गावाला अधिवेशन आपल्या वेशीवरून जाताना दिसले.

तट्ट्यांचे नगर

टिळकांच्या नावाने वसवलेल्या या टिळकनगरची सजावट शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बोस यांनी केली. लखनौच्या प्रदर्शनाचे काम त्यांनी आधी केले होते. फैजपूरचे निमंत्रण आले तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले. आपण चित्रकार, स्थापत्यकार नाही, ही त्यांची अडचण. गांधीजींनी ती मानली नाही. बांधणीची बाजू म्हात्रे या वास्तुविशारदांनी सांभाळली. २५ डिसेंबरला खादी आणि ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनाचे उद्‌घाटन करताना गांधीजींनी या दोघांना श्रेय दिले.

अट एकच होती, पण तीच अवघड: जे इथे मिळते त्यातूनच उभारा. बांबू, तट्ट्या, गवत, माती, दोर. शहरी सजावटीतला रंगीत कागद आणि कापडी झालरी बाद. नियोजनाच्या नजरेतून पाहिले तर या अटीने तीन कामे एकदम झाली. वाहतूक घटली, कारण बांबू सातपुड्यातून येतो आणि तट्ट्या विणणारे हात पायथ्याच्या गावांतच असतात. पैसा जिल्ह्यातच फिरला. आणि अधिवेशन उठल्यावर सामान वाया जाण्याचा प्रश्न उरला नाही, कारण शेतकऱ्याला बांबू आणि तट्टी नेहमीच हवी असते. आज अधिवेशन संपले की मैदानावर फ्लेक्सचे ढीग उरतात आणि नगरपालिका व पक्ष एकमेकांकडे बोट दाखवतात.

अध्यक्षांची मिरवणूक मोटारीतून निघाली नाही. नंदलालांनी सजवलेल्या, बैलजोड्या जुंपलेल्या रथातून नेहरूंना आणले. पोळ्याला बैल सजवणाऱ्या मुलखात ही कल्पना कुणाला समजावून सांगावी लागली नसणार.

पाणी, पाने आणि पायखाने

काँग्रेसच्या घटनेत १९३४ साली दुरुस्ती होऊन प्रतिनिधींची संख्या दोन हजारांवर मर्यादित झाली होती. नियोजन करणाऱ्याला याहून मोठी देणगी नाही. दोन हजार माणसांच्या झोपड्या, पंगती, गाड्या यांचा हिशेब मांडता येतो.

ज्यांचा हिशेब मांडता येत नाही ते प्रेक्षक. पक्षाने अधिवेशन शेतकऱ्याच्या दारात नेले, तेव्हा शेतकरी ते पाहायला येणारच होता. यावल, रावेर, भुसावळ, चोपडा, जळगाव या तालुक्यांतून लोक हजारोंनी आले. पायी, बैलगाडीने, बायकापोरांसह. शहरातला प्रेक्षक भाषण संपले की घरी जातो. बैलगाडीने आलेला माणूस मुक्कामाला असतो. त्याच्याबरोबर दोन बैल असतात, आणि त्यांनाही पाणी लागते.

किती, याचा अंदाज साध्या गुणाकाराने येतो. समजा, पन्नास हजार माणसे धरली आणि माणशी दिवसाला फक्त दहा लिटर पाणी दिले, तर पाच लाख लिटर होते. आजच्या दहा हजार लिटरच्या टँकरच्या पन्नास फेऱ्या. १९३६ मध्ये टँकर नव्हते. विहिरीवरची मोट, डोक्यावरचे हंडे आणि गाड्यांवरची पिंपे यांवर हे भागवायचे. म्हणूनच विहिरींना पाणी असलेला पट्टा ही सोय नव्हती, पूर्वअट होती. मराठवाड्याच्या किंवा माणदेशाच्या एखाद्या खेड्यात हाच प्रयोग डिसेंबरातही फसला असता, असे माझे मत आहे.

जेवणात हातसडीचा तांदूळ, घाण्याचे तेल, जात्यावरचे पीठ हा ग्रामोद्योगाचा आग्रह. इथे एक गोष्ट मान्य करायला हवी: हा आग्रह शहरी प्रतिनिधीसाठी शिकवण होती, खानदेशच्या घरात ते रोजचेच होते. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत यांत ग्रामोद्योग शोधायला कुणाला प्रदर्शनात जावे लागत नव्हते.

आता पायखाने. १९०१ च्या कलकत्ता अधिवेशनात गांधीजींनी शौचकुपांची घाण पाहिली होती. स्वयंसेवकांना सांगितले तर ते म्हणाले, हे आमचे काम नाही, भंग्याचे आहे. गांधीजींनी स्वतः झाडू घेतला. पस्तीस वर्षांनी फैजपूरला स्वयंसेवकाच्या कामात सफाई आधीपासूनच होती. चर खणायचे, वापरानंतर माती टाकायची, भरले की बुजवायचे. तंत्र सोपे आहे. अवघड होते ते सवर्ण घरातल्या पोराला ते करायला लावणे, आणि त्याच्या बापाने ते गावात निमूट ऐकून घेणे. अधिवेशनाच्या वर्णनांत रथाला पानभर जागा मिळते आणि चरांना एक ओळ. दोन दिवसांत हजारो माणसे राहिली तरी गावाला त्याची किंमत मोजावी लागू नये, ही गोष्ट त्या एका ओळीवर अवलंबून होती.

ध्वजारोहणाची एक गोष्ट खानदेशात अजून सांगतात. झेंडा वर जाता जाता मधेच अडकला, आणि शिरपूरकडचा एक तरुण त्या उंच खांबावर चढून तो सोडवून आला. रंगीत तालीम घेतली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

व्यासपीठावर काय ठेवायचे, काय नाही

अधिवेशनाची आखणी म्हणजे केवळ मंडप नव्हे. विषय नियामक समितीत काय मिटवायचे आणि खुल्या अधिवेशनात काय आणायचे, हा खरा कौशल्याचा भाग. फैजपूरला सगळ्यांत स्फोटक प्रश्न होता, निवडणुका जिंकल्यावर मंत्रिपदे घ्यायची की नाही. नेहरू आणि समाजवादी विरोधात, बरेच जुने नेते अनुकूल. तो निर्णय निवडणुकीनंतरवर ढकलला गेला. नव्या राज्यघटनेच्या, म्हणजे त्या १९३५ च्या कायद्याच्या, विरोधात १ एप्रिल १९३७ ला हरताळ आणि निवडून आलेल्यांचे राष्ट्रीय संमेलन, यांवर मात्र एकमत होते. प्रचाराच्या तोंडावर फूट दिसू न देणे, याला कुणी पळवाट म्हणाले तरी नियोजनात त्याला वेळेची समज म्हणतात.

पुढे आणला गेला तो शेतीचा कार्यक्रम. खंड आणि सारा यांत भरीव कपात, न परवडणाऱ्या जमीनधारणांना साऱ्यातून सूट, ग्रामीण कर्जाला दिलासा, सरंजामी वसुली बंद, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी, शेतकरी संघटनांना मान्यता. यातली बरीच कलमे बिहार आणि संयुक्त प्रांतातल्या जमीनदारी मुलखाला डोळ्यांसमोर ठेवून होती. खानदेश रयतवारी. इथे जमीनदार नव्हता, इथे एकीकडे सरकारचा शेतसारा आणि दुसरीकडे सावकार. समोर बसलेल्या शेतकऱ्याच्या कामाची कलमे त्यामुळे दोन–तीनच. व्यासपीठावरून बोलले जायचे हिंदुस्थानीत नाहीतर इंग्रजीत, खाली बसलेल्यांची बोली लेवा नाहीतर अहिराणी. जागा शेतकऱ्याची निवडली तरी मजकूर त्याच्यापर्यंत नेणारी साखळी, म्हणजे प्रत्येक गटाजवळ बसून सांगणारा दुभाष्या कार्यकर्ता, आखणीत ठळक दिसत नाही. मला ही या अधिवेशनाची सगळ्यांत मोठी उणीव वाटते.

ती काही अंशी दुसऱ्यांनी भरून काढली. अखिल भारतीय किसान सभेचे दुसरे अधिवेशनही त्याच सुमारास फैजपूरलाच भरले, अध्यक्ष एन. जी. रंगा. त्यासाठी मनमाडहून शेतकऱ्यांचा मोर्चा पायी आला. वाटेवरच्या गावांत सभा घेत, शेतकऱ्याच्या मागण्या त्याच्याच भाषेत सांगत. काँग्रेसचे नेते त्याच्या स्वागताला गेले. मुख्य अधिवेशनाच्या संयोजकांनी दुसऱ्या संघटनेला त्याच जागी जमू दिले, गर्दीची भीती घालून अडवले नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे

फैजपूरनंतर काँग्रेसने खेड्यातली अधिवेशने चालू ठेवली. १९३८ च्या फेब्रुवारीत तापीच्याच काठी, खाली गुजरातेत, हरिपुऱ्याला सुभाषचंद्र बोसांच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन झाले. नंदलाल तिथेही होते. त्यांचे हरिपुऱ्याचे पट आज कलेच्या इतिहासात फैजपूरपेक्षा जास्त प्रसिद्ध आहेत. पण तिथे एकावन्नाव्या अधिवेशनासाठी रथाला एकावन्न बैल जुंपले गेले, आणि नगर आकाराने व खर्चाने फैजपूरच्या कितीतरी पुढे गेले. जे दुर्मीळ म्हणून साधे राहिले होते, त्याची एकदा पद्धत पडली की पुढच्या यजमानाला मागच्यापेक्षा मोठे करावेसे वाटतेच. आपल्याकडे लग्नांचे तेच होते.

१९३९ ला जबलपूरजवळ त्रिपुरी, आणि १९४० ला तेव्हाच्या बिहारमधले, आताच्या झारखंडातले रामगढ. रामगढ दामोदर नदीजवळ, महिना मार्च. लाहोरनंतर ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे अगदी योग्य महिना. अध्यक्ष मौलाना आझाद. खुले अधिवेशन सुरू होत असताना मुसळधार पाऊस आला, मैदानात पाणी साचले आणि कामकाज आटोपते घ्यावे लागले.